एका मिनिटाला एकशेवीस

मी एक जुना पितळी दांडा आहे. लांबी एक वीत. एका टोकाला चौकोनी भोक, दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर खिमा करण्याच्या यंत्राचा दांडा समजाल. मी तुम्हाला दोष देणार नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या ज्या संग्रहालयात मी राहतो, तिथल्या माझ्या खणावरच्या चिठ्ठीतही कितीतरी वर्षे तसेच लिहिलेले होते.

पण खिमा मी कधी केला नाही. मी उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रावर एक चित्रपटाचा कॅमेरा फिरवला आहे. तो कॅमेरा अजून तिकडेच आहे. डोळा त्याला होता, मला नाही. मला हात कळतात. हात ऊबदार आहे की गारठलेला, ठाम आहे की कापरा, हे मी सांगू शकतो. शिवाय मला ठेका कळतो आणि कानावर पडलेले मी विसरत नाही. तेव्हा ही हकिगत मी पाहिलेली नाही. ती माझ्या मुठीला जशी लागली तशी सांगतो.

माझी मूठ आधी धोटा होती. तागाच्या गिरणीत बेथिया साउटर नावाच्या विणकरणीच्या मागावर, ताण्याच्या दोऱ्यांमधून, पोटात बाण्याची कांडी घेऊन मी इकडून तिकडे धावत असे. ताग मऊ करायला व्हेलचे तेल वापरीत. ते तेल वर्षानुवर्षे माझ्या लाकडात मुरले. आमच्या शहराचे जगणे या दोन गोष्टींवर चाले: व्हेल मारायला उत्तरेला जाणारी जहाजे आणि ताग विणणाऱ्या बायका.

गिरणीत दोनशे माग एकदम चालत. त्या खडखडाटात माणसाचा आवाज कसा ऐकू येणार? म्हणून विणकरणी आवाजाशिवाय बोलत. ओठ मोठे करून हलवायचे आणि समोरचीने ते वाचायचे. चार माग पलीकडून त्या एकमेकींची खुशाली विचारत. मुकादमाची टिंगल त्याच्या नाकासमोर करीत. रविवारी चर्चमध्येही त्यांच्या तशाच गप्पा चालत, आणि पाद्रीबोवांना वाटे की बायका मनातल्या मनात प्रार्थना करीत आहेत.

एके दिवशी माझ्या टोकाचे लोखंड उडाले. तसा धोटा मागावर चालत नाही. बेथियाने मला ॲप्रनच्या खिशात टाकले आणि घरी नेले.

त्या संध्याकाळी टेबलाशी तिघे होते: बेथिया, तिचा नवरा गॅविन आणि तिचा धाकटा भाऊ निनियन रे. गॅविन जहाजावरचा सुतार. गोदीत पडून त्याचा डावा गुडघा आखडला होता, त्यामुळे तो जरा ओढत चाले. त्या दिवसांत गोदीत काम नव्हते. गिरण्यांना तर बायकाच हव्या असत. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत बायको भोंग्याला कामावर जाई आणि नवरा घरी चहाचे पाणी ठेवी. अशा नवऱ्यांना सारे गाव ‘किटलीवाले’ म्हणे.

“जहाजावरचा गेडिस भेटला होता,” गॅविन म्हणाला. “‘फुलमार’ जहाजाला सुतार हवाय. कॅप्टन मिल्न उत्तरेला चाललेत. बर्फावर ओढायच्या स्लेजगाड्या बांधायच्या, मोडल्या की दुरुस्त करायच्या. निनियनपण आहे, कॅमेरा घेऊन.”

“उत्तरेला म्हणजे कुठवर?”

“म्हणजे... शेवटपर्यंत.”

“खालून पाव आण म्हटलं, तर पायरीवर बर्फ आहे म्हणून दारातून परत येतोस,” बेथिया म्हणाली. “आणि चाललास ध्रुवावर!”

निनियन हसला. गॅविनही हसला. गोष्ट तिथेच थांबायला हवी होती. पण बेथिया दहा तास मागाशी उभी राहून आली होती.

“जा ना, जा. इथे तरी काय करतोस? किटलीच तापवतोस. ध्रुवावर किटलीवाला लागत असेल तर बघ.”

खिशात तिचा हात माझ्याभोवती आवळला गेला. बोललेले मागे घ्यायला हवे हे त्या हाताला लगेच कळले होते. तोंडाला कळायला उशीर झाला.

शेवटी निनियननेच विषय बदलला. “बेथ, गिरणीत एखादं मुरलेलं लाकूड मिळेल? कॅमेऱ्याचा दांडा सगळा पितळी आहे. तिकडे उघड्या पितळेला हात लावला तर कातडं सोलून येतं म्हणतात.”

तिने मला खिशातून काढून टेबलावर आपटले. “हा घे. याला तेल पाजायला नको.”

गिरणीच्या दुरुस्तीखात्यात मला लेथवर कातून गोल केले आणि पितळेवर बसवले. मी दांडा झालो. त्या दिवशी निनियन मला घेऊन बेथियाच्या मागाशी येऊन उभा राहिला. त्याच्या एका हातात मी होतो, दुसऱ्या हातात घड्याळ. पूर्ण एक मिनिट तो तिचा नवा धोटा मोजत राहिला.

“एकशेवीस!” तो ओरडला. अर्थात ते कोणालाच ऐकू गेले नसणार. कॅमेऱ्याचा दांडाही सेकंदाला दोन वेळा फिरवायचा असतो, म्हणजे मिनिटाला एकशेवीस. त्या काळी ते काम हातानेच होई. माझा ठेका बदलला नव्हता. फक्त धावायचे ते आता फिरायचे होते.

‘फुलमार’ मंगळवारी निघाले. बेथिया मागावर होती. जहाजाचा भोंगा झाला तेव्हा मी निनियनच्या खिशात होतो, आणि गॅविन कठड्याला टेकून गिरणीच्या धुरांड्यांकडे तोंड करून उभा आहे, असे निनियनने कोणाला तरी सांगितलेले मी ऐकले.

मित्रांनो, थंडीत यंत्र चालवणे ही शिकायची विद्या आहे. तेल गोठते, म्हणून निनियनने कॅमेऱ्यातले सगळे तेल पेट्रोलने धुऊन काढले आणि दातेरी चाकांना पेन्सिलीच्या शिशाची पूड लावली. कॅमेरा त्याने कधी उबेत आणला नाही. एकदा एका भल्या खलाशाने दया येऊन तो शेकोटीजवळ आणून ठेवला, तर त्याच्या आतून बाहेरून दव धरले आणि बाहेर नेताच त्या दवाचा बर्फ झाला. तो उकरून काढण्यात चार दिवस गेले. त्यानंतर कॅमेरा कायम बाहेरच्या गारठ्यात राही. मला मात्र निनियन उलटे वागवी. काम झाले की मला काढून तो सदऱ्याच्या आत छातीशी ठेवी, म्हणजे पुढच्या वेळी हाताला निदान एक तरी वस्तू ऊबदार लागेल.

सगळ्यात अवघड होता तो ठेका. गारठ्याने हात मंदावतो, आणि मंदावलेल्या हाताला ते कळत नाही. निनियनला आपण एकशेवीस फिरवतो आहोत असे वाटे आणि प्रत्यक्षात मी नव्वदच फेऱ्या घेत असे. असे झाले की पुढे पडद्यावर माणसे भराभर, कोंबड्यांसारखी तुरुतुरु पळताना दिसतात. निनियनला याचीच धास्ती होती.

“आपण जिवंत परतलो तर लोक हसले तरी चालेल,” तो एकदा म्हणाला.

“आणि नाही परतलो तर?” गॅविनने विचारले.

“तर कोणी हसता कामा नये.”

म्हणून तो रोज फिल्म न घालता सराव करी. गॅविन शेजारी बसून जिभेने मागाचा ठेका देई: खट-खट, खट-खट. “बायको झोपेतसुद्धा पलंगाच्या फळीवर बोटं वाजवते,” तो म्हणे. “सतरा वर्षं तेच ऐकतोय. तू चुकलास की मला इथे कानात दुखतं.” महिन्याभरात निनियनच्या हाताने ठेका धरला. दाढीत बर्फाचे खडे झाले तरी तो हात एकशेवीसच फिरे.

हिवाळा जहाजावर गेला. वसंतात सहाजण स्लेजगाड्या ओढत उत्तरेला निघाले. जमीन संपते तिथे त्यांनी शेवटचा तळ ठोकला. पुढे नुसता गोठलेला समुद्र होता. कॅप्टन मिल्न, गॅविन आणि दोन खलाशी पुढे जाणार, निनियन आणि कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी गेडिस तळावर थांबणार, वीस दिवसांत सगळे परत भेटणार, असे ठरले.

निघायच्या सकाळी गॅविन म्हणाला, “निनियन, माझं एक काम कर. एक मिनिट फिरव.”

“फिल्म थोडीच उरलीय. कॅप्टन काय म्हणतील?”

“द्या त्याला एक मिनिट,” कॅप्टन मागून म्हणाले. “वर्षभर त्याच्या हातचा चहा प्यायलोय.”

“बोलणार काय आहेस?” निनियनने विचारले.

“ते तुला कशाला? बेथियासाठी आहे. गिरणीच्या बोलीत.”

“तुला येते ती?”

“सतरा वर्षं बोलणी खाल्लीत त्या बोलीतली. येणारच.” मग त्याचा आवाज जरा खाली आला. “तुझा हात मंदावला तर माझं तोंड भराभर हलेल आणि तिला वाचता यायचं नाही. तू फक्त ठेका सोडू नकोस.”

निनियनने वरचा हातमोजा काढला. मी त्याच्या छातीच्या उबेत होतो. त्याने मला कॅमेऱ्याला लावले आणि फिरवायला सुरुवात केली. गॅविन काय बोलतो ते त्याला कळत नव्हते. आवाज नव्हताच, आणि कॅमेऱ्याच्या काचेत माणूस नखाएवढा आणि डोक्यावर उलटा दिसे. निनियन फक्त आकडे पुटपुटत होता. ऐंशीव्या फेरीला त्याची बोटे बधिर होऊ लागली. त्याने मला सगळ्या तळहाताने धरले. गेडिस बर्फावर पाय आपटून ठेका देऊ लागला. शंभर. एकशेदहा. एकशेवीस.

“झालं?” गॅविनने विचारले.

“झालं.”

“बरोब्बर मिनिट?”

“बरोब्बर.”

“मग येतो,” गॅविन म्हणाला. स्लेजगाडी करकरली आणि ते चौघे निघाले. ते पाठमोरे जात असताना निनियनने आणखी थोडी फिल्म फिरवून घेतली.

वीस दिवस झाले. तीस झाले. चौतिसाव्या दिवशी निनियन आणि गेडिस गाडीच्या खुणा धरून शोधायला निघाले. शोधाच्या तिसऱ्या दिवशी पुढे बर्फ फाटलेला होता. खुणा काळ्या पाण्याच्या कडेपर्यंत जात होत्या. पलीकडच्या काठावर खुणा नव्हत्या.

गेडिसने टोपी काढली. निनियनने कॅमेरा लावला.

“पाण्याचं काय चित्र घेतोस?” गेडिस म्हणाला. “त्यात काही नाही.”

“काही नाही, तेच घेतोय. उद्या कोणी म्हणायला नको की आम्ही शोधायला आलो नाही.”

ठेका एकदाही चुकला नाही. फिल्म संपेपर्यंत मी फिरलो.

परतीच्या वाटेवर अन्न आटत चालले आणि गेडिसने ओझे कमी करायचा हुकूम सोडला.

“कॅमेरा टाक.”

“टाकतो. फिल्मचे डबे नाही टाकणार.”

“डबे खाता येतात?”

“नाही.”

“पांघरता येतात?”

“नाही.”

“मग अक्कल कुठे गेली तुझी?”

“हा मुरंबा टाक, जोड्यांचा दुसरा जोड टाक,” निनियन म्हणाला. “माझ्या वाट्याचं काय हवं ते टाक. डबे माझे मी नेईन.”

गेडिसने मुरंबा टाकला नाही. “जीव गेला तरी मुरंबा टाकणार नाही. डंडीचा नावाजलेला आहे,” तो म्हणाला आणि दुसरे काहीतरी काढून फेकले. फिल्मचे सात डबे निनियनने मेणाने बंद केले, दोरीत ओवले आणि उजव्या हाताने ओढत नेले. जहाजावर पोहोचल्यावर त्या हाताची तीन बोटे काढावी लागली. कॅमेरा बर्फावर राहिला. मी सदऱ्यात होतो, म्हणून आलो.

डंडीला उतरल्यावर निनियन आधी बेथियाकडे गेला. बातमी आधीच पोहोचली होती, ती दारातच होती.

“मी पाठवलं त्याला,” ती म्हणाली.

“बेथ, तसं नाही.”

“मी बोलले आणि तो गेला. तू होतास तिथे.”

“तो तुझ्यासाठी काहीतरी बोललाय. एक मिनिट.”

“काय?”

“मला माहीत नाही. पण ते डब्यात आहे.”

“असू दे डब्यात,” बेथिया म्हणाली. “काय बोलला असेल ते मला ठाऊक आहे. मी त्याच्या जागी असते तर तेच बोलले असते.” आणि तिने दार लावले.

फिल्म धुतली गेली. पण मूळ पट्टी गारठ्याने इतकी ठिसूळ झाली होती की तिच्यावरून एक प्रत काढता काढताच तिचे तुकडे झाले. ती एकच प्रत उरली. पिरीसाहेब नावाच्या गृहस्थांच्या चित्रगृहात, शनिवारी गिरण्या अर्धा दिवस सुटल्यावर, ती दाखवायचे ठरले. निनियन प्रोजेक्टरच्या खोलीत यंत्रापाशी उभा होता. मी नेहमीप्रमाणे त्याच्या खिशात होतो. चित्रगृह भरले होते. वरचा सज्जा सगळा विणकरणींनी गच्च होता, आणि अगदी मागच्या रांगेत, शाल डोक्यावरून घेऊन, बेथिया बसली आहे, असे निनियनने खोलीच्या झरोक्यातून पाहिले. “आली,” तो स्वतःशीच म्हणाला.

त्या काळी पडद्यावर चित्र टाकणारे यंत्रही हातानेच फिरवावे लागे. पिरीसाहेबांच्या ऑपरेटरला दुपारी तीन खेळ उरकायचे होते. तो भरधाव फिरवू लागला आणि खाली हशा पिकला. हिवाळाभर निनियनने ठेका सांभाळला होता, तो एका माणसाच्या घाईने वाया चालला होता. कॅप्टन मिल्न टुणटुणत गेले. माणसे खो खो हसली. गॅविनचा आखडलेला पाय नाच केल्यासारखा उडाला आणि हशा आणखी वाढला.

तेवढ्यात सज्ज्यातून एक खणखणीत आवाज आला. गिरणीतल्या बायकांचा आवाज मोठाच असतो. “अरे ए घोड्यावरच्या! हळू! पुढच्याचं तोंड वाचता येईना!”

“थांबवा!” निनियन ओरडला. “दिवा बंद करा! पुढचं हळू फिरवायचंय, सेकंदाला दोन.”

“मला शिकवू नका,” ऑपरेटर म्हणाला. “ही पट्टी म्हणजे बंदुकीची सुकी दारू आहे. दिव्यापुढे हात अडखळला की भडका. भरभर फिरवलेलीच बरी. हळू हवं तर तुमचं तुम्ही फिरवा.” आणि त्याने यंत्राचा आपला दांडा काढून खिशात घातला आणि तो जिना उतरून गेला.

निनियनने मला बाहेर काढले. यंत्राला लावून पाहिले. माझे भोक जरा मोठे होते, मी डुगडुगलो. शिवाय त्याच्या हाताला दोनच बोटे. त्याने फिरवून पाहिले आणि मी झटके खाऊ लागलो.

“जमायचं नाही,” पिरीसाहेब म्हणाले. “एकच प्रत आहे, निनियन. जळली की गेली.”

जिन्यावर पावले वाजली. बेथिया आत आली. तिने माझ्याकडे पाहिले असावे.

“हा माझा धोटा आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“सरक बाजूला.”

“बाई, तुम्हाला यंत्र...” पिरीसाहेबांनी सुरुवात केली.

“मी बावीस वर्षं दोन माग चालवतेय. हे एक आहे.” तिने ॲप्रनमधून तागाचा धागा काढला, विणकरणींच्या ॲप्रनला तो चिकटलेलाच असतो, आणि यंत्राच्या दांडीवर पक्के वेढे देऊन गाठ मारली. त्यावर मी घट्ट बसलो.

“बेथ, एकदा सुरू केलंस की थांबायचं नाही,” निनियन म्हणाला. “काही झालं तरी. तो काहीही बोलला तरी. थांबलीस तर ज्या चित्रावर थांबशील तेच जळेल.”

“कळलं.”

“मी दुसऱ्या कोणाला...”

“दिवा लाव.”

तिचा हात माझ्यावर आला. तीच घट्टे पडलेली बोटे. हात गार पडला होता. मग ती फिरवू लागली, आणि मित्रांनो, मला ठेका पडताळायची गरजच उरली नाही. तो तिचा माग होता.

हशा थांबला. खाली माणसे त्यांच्या चालीने चालू लागली असावीत, कारण कोणीतरी हळूच म्हणाले, “अगं, हा तर आपला कॅप्टन.” मग निनियन म्हणाला, “आता.”

बेथिया झरोक्याकडे तोंड करून उभी होती. पण पडदा लांब होता आणि दिव्याचा झोत डोळ्यांवर येत होता. तिला नीट दिसत होते की नाही, मला सांगता येत नाही. तिच्या ओठांतून शब्द आला नाही. शब्द सज्ज्यातून आले. पुढच्या रांगेतल्या एका विणकरणीने वाचायला सुरुवात केली, मग दुसरीने, आणि मग साऱ्या सज्ज्याने एका सुरात.

“बेथिया,” सज्जा म्हणाला. “तोंड एवढं मोठं उघडायचं ना? दात गारठले माझे.”

कोणीतरी हसले.

“तू बोललीस म्हणून मी आलो नाही.”

माझ्यावरचा हात थरारला. एकदाच. मला वाटले, आता थांबणार. दिव्याची धग पट्टीला लागत होती, मला ती पितळेतून जाणवत होती. हात थांबला नाही.

“मी आदल्या दिवशीच सही करून आलो होतो. तुला सांगायची हिंमत होत नव्हती. मला यायचंच होतं.”

सत्तर. ऐंशी.

“इथे कॅप्टननं विचारलं, चहा कोण करणार? मीच हात वर केला. तू म्हणालीस ना, ध्रुवावर किटलीवाला लागत असेल तर बघ. लागतो. मी आहे.”

शंभर.

“येताना उशीर झाला,” सज्जा म्हणाला, “तर किटली तू ठेव. मी येईपर्यंत थांबू नकोस.”

एकशेवीस.

मग सज्जाही गप्प झाला, कारण पुढे फक्त पाठमोरे चालणे होते. गॅविन डावा पाय ओढत, त्याच्याच चालीने, बर्फावरून लांब जात राहिला. त्यानंतर पाणी. बेथिया फिरवत राहिली, पट्टीचे शेवटचे टोक यंत्रातून फडफडत बाहेर पडेपर्यंत. मग तिने मला धाग्यासकट काढून ॲप्रनला पुसले आणि दोन्ही हातांत धरले. हात आता गरम होते.

“पिरीसाहेब,” ती म्हणाली, “ही पट्टी जेवढे शनिवार लावाल, तेवढे शनिवार मी फिरवणार.”

पिरीसाहेबांनी नुसती मान हलवली असावी.

ती चौदा शनिवार आली. घरी गेली की स्वतः किटली ठेवायची, असे निनियन सांगे.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्या काळच्या फिल्मला आयुष्य नसते. नीट गार जागी ठेवली नाही तर ती आधी चिकट होते, मग तिची पिवळी भुकटी होते. ती एकुलती प्रत एका तळघरात अशीच संपली. जळली नाही, कोणी नेली नाही. फक्त कोणी पाहायला गेले नाही. बेथिया गेली, निनियन गेला. मी एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात जात राहिलो आणि संग्रहालयात स्वयंपाकघराच्या वस्तूंत जाऊन पडलो.

गेल्या वर्षी तिथे काम करणाऱ्या एका बाईंनी माझ्या भोकात भिंग लावून पाहिले. आत तागाच्या धाग्याचे वेढे आहेत आणि वर विणकरणीची गाठ आहे. खिम्याच्या यंत्राला अशी गाठ कोण मारील, असे त्यांनी स्वतःलाच विचारले. मग त्यांनी जुनी कागदपत्रे काढली, पिरीसाहेबांची जाहिरात शोधली, माझ्या मुठीच्या लाकडात मुरलेल्या तेलाची तपासणी केली, आणि माझ्यावरची चिठ्ठी बदलली.

मित्रांनो, जुन्या चित्रपटात माणसे तुरुतुरु पळताना दिसली तर हसण्याआधी जरा थांबा. घाई त्यांना नव्हती. घाई फिरवणाऱ्याला आहे. आणि घरात, शाळेत, कुठेही एखादी जुनी वस्तू सापडली तर तिला सांभाळा. नुसती तिलाच नव्हे, तिला चिकटलेले जे काही असेल तेही. परवा एक नवे गृहस्थ मला साफ करायला आले होते. पितळ घासा म्हणावे, लाकडाला तेल लावा. मला चकचकीत दिसायला आवडेल. पण आतला तो धागा तेवढा काढू नका. गॅविनचे एक मिनिट आता फक्त त्याच्यात गुंडाळलेले आहे.